शेवटच्याचा कंदील

सायकल शर्यतीत पहिला कोण आला हे मला विचारू नका. बावीस वर्षं मी शर्यतींची पंच होते आणि त्या बावीस वर्षांत पहिला आलेला माणूस रेषा ओलांडताना मी एकदाही पाहिला नाही. माझी जागा शेवटच्या गाडीत. पहिला हार घालून, पत्रकारांशी बोलून, दोन केळी खाऊन मोकळा व्हायचा, तेव्हा आम्ही पाच-सात किलोमीटर मागे, एका दमलेल्या पाठीकडे बघत रखडत येत असायचो. त्यामुळे बरेच सायकलपटू मला चेहऱ्याने ओळखूच येत नाहीत. समोरून भेटले की मी गोंधळते आणि पाठ वळवली की नाव आठवतं.

पोटापाण्याची नोकरी परळच्या एका शाळेत, पीटीची शिक्षिका म्हणून. राहायला घोडपदेवला. माहेर त्याच चाळीत पहिल्या मजल्यावर आणि सासर दुसऱ्या, त्यामुळे लग्नात माझी पाठवणी एका जिन्याची झाली. पंचगिरीची परीक्षा एका सहशिक्षिकेच्या नादाने दिली, ती नापास झाली आणि मी पास. मग रविवार आणि मे महिना शर्यतींना गेला. घरचे म्हणायचे, आठवडाभर पोरांच्या मागे धावतेस, रविवारी तरी कशाच्या मागे लागू नकोस. पण मला ते काम आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं.

आमच्या गाडीला झाडूगाडी म्हणतात. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत शेवटच्या गाडीला पूर्वी खरोखरचा झाडू बांधत, मागे राहिलेल्यांना गोळा करणारी म्हणून. आम्हीही बांधायचो. दत्ताराम म्हणून लालबागचा टेम्पोवाला होता, मूळचा कणकवलीकडचा. त्याच्या टेम्पोला मागे खराटा बांधलेला असायचा. पहिल्या वर्षी सायनला एका हवालदाराने आम्हाला सफाईवाले समजून बाजूला घेतलं होतं. दत्ताराम त्याला म्हणाला, "सायेब, आमी माणसा गोळा करतंव, कचरो न्हय."

माणसं गोळा करायची म्हणजे काय, तर ज्याला पुढे जाववत नाही त्याला गाडीत घ्यायचं, सायकल वर टाकायची, पाणी द्यायचं आणि त्याच्या पाठीवरचा नंबर काढून घ्यायचा. नंबराचं कापड चार सेफ्टी पिनांनी लावलेलं असतं. ते स्वाराने स्वतः काढायचं नाही, पंचानेच काढायचं, असा रिवाज आहे. नंबर माझ्या पिशवीत आला की त्या माणसाची शर्यत संपली. चार पिना काढायला मिनिटही लागत नाही, पण त्या मिनिटात मी काय काय पाहिलंय! एका फौजी जवानाने दोन्ही हात पाठीमागे नेऊन नंबर घट्ट धरून ठेवला होता, दहा मिनिटं सोडेना. कोल्हापूरचा एक पैलवानी अंगाचा गडी म्हणाला, "बाई, आधी जरा झोपू द्या, मग काय काढायचं ते काढा," आणि खरोखर घोरायला लागला. एकाने मला तोंड फिरवायला सांगितलं. मी फिरवलं आणि दत्तारामला गाणी मोठ्याने लावायला सांगितली, म्हणजे त्याचं रडणं आम्हाला ऐकू येणार नाही.

झाडूगाडीचं दुसरं काम त्याहून मोठं, आणि ते बघ्यांना माहीत नसतं. आमच्या मागे पोलिसांची एक मोटारसायकल असते. ती गेली की अडथळे हटतात, दोऱ्या सुटतात आणि अडवून धरलेल्या बस, टॅक्सी, टँकर, हातगाड्या एकदम रस्त्यावर येतात. म्हणजे माझ्या गाडीच्या पुढे शर्यत आणि मागे मुंबई. माझ्या पुढे जो आहे तो सुरक्षित. म्हणून मोजायचं. मोजायची रीत सोपी आहे. पुढच्या मोटारसायकलवरून वायरलेसवर आकडा येतो की पुढे इतके स्वार आहेत. तो आकडा एकूण स्वारांतून वजा केला की उरले ते माझे. माझे जितके, तितक्या पाठी मला डोळ्यांसमोर दिसल्याच पाहिजेत. एक जरी कमी दिसली तर गाडी थांबवायची, मग वर कोणी कितीही ओरडो. शाळेची साठ-साठ पोरं मी राणीच्या बागेत नेऊन मोजून परत आणलेली. मोजण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे मी मिरवायचेही.

आता कंदिलाविषयी सांगते. फ्रान्समध्ये तीन आठवड्यांची जी प्रसिद्ध शर्यत होते, तिच्यात एकूण वेळेत शेवटच्या आलेल्याला 'लाल कंदील' म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असायचा, त्यावरून. तो काही अधिकृत पुरस्कार नव्हे, पण लोक त्या शेवटच्या माणसावर जीव टाकतात. का, तर तो सोडून गेला नाही. शंभरावर माणसं निघतात, कित्येक पडतात, कित्येक गाडीत बसतात, आणि हा रोज सगळ्यांच्या मागून का होईना, पण येतो. त्यातही वेळेची मर्यादा असते. पहिल्यानंतर ठरावीक मिनिटांत आला नाही तर तो बाद. म्हणजे शेवटचं यायचं तेही वेळेत यायचं.

हे मी एका मासिकात वाचलं आणि आमच्या संयोजकांच्या बैठकीत मांडलं. आमची शर्यत पाच दिवसांची, पगारी संघांची. कंपन्या खेळाडू ठेवतात, त्यांच्याशी वर्षाचा करार करतात, असे संघ. सगळे हसले. मुख्य संयोजक, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, ते म्हणाले, "सुनंदाताई, नापास झालेल्याचा सत्कार तुमच्या शाळेत करता का?" मी म्हटलं, "जो पेपर शेवटपर्यंत लिहितो तो नापास झाला तरी मी त्याला उभं करून टाळ्या वाजवते." माझ्याच खर्चाने करा म्हणाले. मी जुन्या बाजारातून एक रेल्वेचा कंदील आणला, गिरगावातल्या एका काचवाल्याकडून त्याला लाल काच बसवून घेतली आणि पितळ चिंचेने घासून लखलखीत केलं.

पहिल्या वर्षीचा मानकरी स्टेजवर आला, कंदील बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मेरा मज़ाक उड़ा रहे हो?" कंदील तसाच टेबलावर ठेवून तो निघून गेला. ज्या माणसाच्या पाठीमागे मी पाच दिवस होते, त्याला मी चारचौघांत खाली बघायला लावलं असं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी स्वतः माईक घेतला आणि हा मुलगा किती वेळा पडला, पडून किती वेळा उठला ते सांगितलं. लालबागची गर्दी ती! पहिल्याला वाजल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या. पेपरात फोटो आला तोही त्याचाच. तिथून कंदील चालू झाला. शेवटचा स्वार कंदील घेऊन मिरवणुकीत चालल्यासारखा लालबागमधून चालायचा आणि दुकानदार त्याला पेढे भरवायचे. मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग एक वर्ष असं आलं की शिवडीच्या रस्त्यावर मला दोन स्वार एका कलिंगडवाल्यापाशी उभे दिसले. मला वाटलं, सायकल बिघडली. जवळ जाऊन बघते तर दोघे फोडी खात होते आणि एकमेकांना म्हणत होते, "तू निघ ना आधी." मी थक्क झाले. शर्यतीत शेवटचं येण्यासाठी चुरस! पण विचार केला तर त्यांचं चुकत नव्हतं. पहिल्या तिघांना बक्षीस, शेवटच्याला कंदील आणि फोटो. शेवटून दुसऱ्याला कोण विचारतं? शेवटून दुसरा म्हणजे तितकाच दमलेला, तितकाच मागे राहिलेला, आणि त्याचं नाव त्याच्या आईलाही यादीत शोधावं लागतं. मी दोघांना दटावून पुढे काढलं आणि संध्याकाळी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. त्या हसण्याची आता लाज वाटते, कारण कंदिलाचं काय होऊ शकतं हे मला तिथेच समजायला हवं होतं.

सिद्धेश पवार शिवडीचा. वडील गोदीत होते. वय तिशीला आलेलं, एका कंपनीच्या संघात सहा वर्षं पाणक्या. पाणक्या म्हणजे ज्याने मागच्या गाडीपाशी यायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या आणि जोर मारून पुढच्या आपल्या हिरोंना नेऊन द्यायच्या. दिवसातून चार-पाच वेळा हे केलं की त्याचं स्वतःचं पेट्रोल संपतं आणि तो मागे पडतो. संघ जिंकतो तेव्हा त्याचं नाव कुठेच नसतं. त्याच्या पाठीकडे मी सहा वर्षं बघत होते. डावा खांदा किंचित खाली टाकून चालवायचा.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी सकाळी तो माझ्या टेम्पोपाशी आला.

"बाई, मला कंदील पाहिजे."

"का रे, घरी लाईट नाही?"

"मजाक नाय बाई. करार संपतोय. मॅनेजर बोलला, सहा वर्षांत तुझं नाव कुठे छापून आलंय ते दाखव. मी काय दाखवू त्याला, बाटल्या? कंदील भेटला तर फोटो येतो. गेल्या वर्षीच्या पोराला त्याच्या टीमने त्यावरच ठेवला ना."

चार दिवसांच्या बेरजेत पंजाबचा जसपाल म्हणून एक स्वार शेवटचा होता आणि सिद्धेश त्याच्या अठ्ठेचाळीस सेकंद पुढे. म्हणजे शेवटून दुसरा. त्याला त्या दिवशी जसपालपेक्षा अठ्ठेचाळीस सेकंद जास्त हवे होते, आणि तरीही पहिल्यानंतर सतरा मिनिटांच्या आत पोहोचायचं होतं. मी पंच. मी त्याला तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. त्याऐवजी मी हसून म्हटलं, "मग नीट शेवटचा ये, अर्धवट येऊ नकोस." तो हसला, पाया पडल्यासारखं केलं आणि गेला. दत्ताराम म्हणाला, "बाय, तुमी पण काय..." मी ते हसण्यावारी नेलं.

शेवटचा टप्पा घाट उतरून पनवेल, वाशीमार्गे मुंबईत शिरायचा आणि मग पोर्टाच्या रस्त्याने शिवडी, घोडपदेव करत लालबागला संपायचा. घाटापासूनच सिद्धेश आणि जसपाल दोघे मागे पडले होते. शिवडीला वायरलेसवर आवाज आला, "पुढे साठ." एकूण बासष्ट. म्हणजे माझे दोन, आणि दोन्ही पाठी समोर होत्या, जसपालची केशरी जर्सीची, सिद्धेशची निळी. इतकं सोपं काम मला पाच दिवसांत मिळालं नव्हतं.

आणि मग घोडपदेव आलं. शर्यत आमच्या भागातून जाण्याची ती पहिलीच वेळ. मला वाटलं होतं चार बायका गॅलरीत असतील. तर अख्खी चाळ खाली! महिला मंडळाच्या बायका फलक घेऊन उभ्या, माझी जाऊ हातात आरतीचं ताट असल्यासारखा लाडवांचा डबा धरून, माझे जुने विद्यार्थी शिट्ट्या मारतायत. "आल्या, आल्या, आपल्या बाई आल्या!" एक म्हातारे शेजारी जोरात ओरडले, "जय भीम, सुनंदा!" मी टेम्पोच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि हात हलवला. आयुष्यभर शर्यतीत शेवटी असलेली मी त्या गल्लीत पहिली होते. डोळे भरून आले. पंधरा-वीस सेकंद असेल सगळं.

"बाय, दोनय फुडे गेले मा?" दत्तारामने विचारलं.

मी पुढे बघितलं. वळणावर केशरी पाठ दिसली, वळली आणि गेली. दुसरी तिच्यापुढे असणार.

"गेले रे, चल."

मी बघितलं नव्हतं. दोन. मला दोन मोजायचे होते.

लालबागला जसपालने रेषा ओलांडली. त्याच्यामागून आम्ही. सरांनी हात केला, पोलिसांची मोटारसायकल पुढे येऊन थांबली आणि रस्ता खुला झाला. कमानीच्या दोऱ्या सुटायला लागल्या. माईकवर कोणी तरी "यंदाचा कंदील पंजाबकडे" असं म्हणतही होतं. मी यादी उघडली. पोहोचलेले एकसष्ट.

पुन्हा मोजले. एकसष्ट. पिशवीत त्या दिवशी एकही नंबर नव्हता, म्हणजे गाडीत कोणी बसलेलं नव्हतं. दत्ताराम टेम्पोतून उतरून माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की त्यानेही मोजलंय.

"बाय," तो हळूच म्हणाला, "सिद्धेश खय रवलो?"

रस्त्यावर बस सुरू झाल्या होत्या, टॅक्सीवाले हॉर्न मारत होते, आणि या सगळ्यात कुठेतरी मागे तो होता. मी धावत निघाले तर समोरूनच दिसला. एका बसच्या आणि हातगाडीच्या मधून चालत येत होता. पुढचं चाक वाकडं झालेलं, म्हणून सायकलचं पुढचं तोंड उजव्या हाताने उचलून धरलेलं. डावा हात नुसता लोंबत होता. जर्सी खांद्यापासून फाटलेली, कोपरातून रक्त. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा थांबून त्याच्या मागे सावकाश येत होता. मी आयुष्यात इतकी कधी हादरले नाही. नवरा गेला तेव्हाही इतकी नाही, कारण तो आजारी होता आणि ते होणार हे माहीत होतं. हे माझ्या हाताने झालं होतं.

त्याने मान खाली घालून रस्त्यावरची पांढरी रेषा शोधली, सायकल तिच्यावरून पलीकडे नेली आणि फुटपाथवर बसला. सायकल हातात धरून चालत आलं तरी नियमाने ते पोहोचणंच असतं. माझी नजर सवयीने कमानीवरच्या घड्याळावर गेली. पहिल्यानंतर सोळा मिनिटं वीस सेकंद. ते फक्त मी पाहिलं. वेळ टिपणारे खुर्च्या उचलत होते.

सिद्धेशला परळच्या एका हॉस्पिटलात नेलं. सरांनी मला स्टेजच्या मागे बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी समजावणीच्या सुरात बोलले.

"ताई, झाडूगाडीच्या मागे राहिलेला स्वार म्हणजे शर्यत सोडलेला स्वार. रस्ता खुला झाला तेव्हा तो शर्यतीत नव्हताच. बरोबर?"

"तो वेळेत आला, सर. मी बघितलं."

"तुम्ही बघितलं, आणि तुम्हीच त्याला मागे सोडून आलात. हे बाहेर गेलं तर पुढच्या वर्षी पोलीस परवानगी देणार नाहीत, आणि चौकशी तुमची होईल. मी तुम्हालाच वाचवतोय. हॉस्पिटलात जा, विचारपूस करा, नंबर घेऊन या. नंबर पिशवीत असला की प्रश्न मिटला."

इथे मी स्वतःविषयी एक गोष्ट सांगणार आहे, जी आजवर घरातही सांगितलेली नाही. मी मान डोलावली. पिशवी खांद्याला लावली आणि लालबागहून परळपर्यंत चालत गेले. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते की तसाही कंदील जसपालच्या नावाने पुकारून झाला होता, तसाही त्याने मुद्दाम मागे राहायला नको होतं, तसाही नियम नियम असतो. ज्या बाईने पोरांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर काढलं, ती मी.

सिद्धेश तातडीच्या विभागात एका कॉटवर बसला होता. कॉलरबोन मोडलेलं, हात गळ्यात. जर्सी कापून काढावी लागली होती आणि ती त्याने मांडीवर घेतली होती, नंबराची बाजू वर करून. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"बाई! मी वेळेत आहे ना?"

"सोळा वीस," मी म्हटलं.

"बोललो ना!" तो शेजारच्या कॉटवरच्या अनोळखी माणसाला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "लागलं नाय एवढं. टॅक्सीवाल्याची पण चूक नाय, त्याला काय माहीत."

"होतास कुठे तू?"

तो जरा ओशाळला. "तुमच्याच चाळीसमोर. त्या पाण्याच्या टाकीमागे गेलो. जसपालला जाऊ दिला आणि घड्याळात बघत उभा राहिलो, अठ्ठेचाळीस सेकंद. वर पाच धरले. तुमची गाडी जाताना दिसली. म्हटलं, कोपऱ्यावर थांबेल."

"आणि मी थांबले नसते तर?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "असं कसं? तुम्ही मोजल्याशिवाय जात नाय. सगळ्या टीममध्ये माहीत आहे, बाई आहेत तोपर्यंत मागे राहिलं तरी चालतं. म्हणून तर लपलो. दुसरं कोण असतं तर लपलो असतो काय?"

गेली कित्येक वर्षं मी ज्याचा तोरा मिरवला, त्यावर या मुलाने आपली हाडं ठेवली होती. आणि मी त्या वेळी माझ्या चाळीला हात हलवत होते.

त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. सहा वर्षं शर्यती खेळलेल्या माणसाला ती पिशवी कशासाठी असते हे सांगावं लागत नाही. त्याने जर्सीकडे बघितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "गाडी पुढे गेली म्हणजे आऊट, ना? बरोबर आहे. मीच लपलो."

मला वाटलं तो भांडेल, रडेल, शिव्या देईल. मी त्या सगळ्याची तयारी करून आले होते. तो मात्र उजव्या हाताने नंबराची पहिली पिन काढायला लागला. ती निघाली. दुसरी गंजलेली होती, एका हाताने उघडेना. दातात कापड धरून बघितलं, तरी उघडेना.

"बाई, जरा काढा ना. एका हाताने जमत नाय. आणि काढायचा तुम्हीच असतो."

त्याने जर्सी माझ्या पुढे धरली.

मी ती हातात घेतली आणि त्याने काढलेली पिन परत लावली. लावताना अंगठ्यात टोचून घेतली. मी काय करतेय ते त्याला कळेना आणि मलाही सांगता येईना. एवढंच म्हणाले, "धर. मी येते." मग बाहेरच्या बाकावर बसले, पिशवीतून अहवालाचा छापील कागद काढला आणि गुडघ्यावर धरून लिहिला. 'शर्यत सोडली' या शब्दांसमोर खूण करायचा चौकोन होता. तो मोकळा ठेवला.

सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे तुमचं शेवटचं काम, ताई." तसंच झालं. चौकशीत मी दोषी ठरले, ते बरोबरच होतं. कंदिलाची प्रथाही त्या दिवसापासून बंद केली, आणि त्याबद्दल मी वाद घातला नाही. शेवटच्याचा मान करावा असं मला अजून वाटतं, पण त्या मानासाठी माणूस टाकीमागे उभा राहील इतका तो मोठा करण्यात माझा हात होता. सिद्धेशचं नाव पेपरात आलं, फोटो मात्र आला नाही. संघाने त्याला एक वर्ष ठेवलं, मग सोडलं. आता तो शिवडीला मुलांना सायकल शिकवतो. अधूनमधून फोन करतो, बाई म्हणूनच हाक मारतो. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. मागच्या महिन्यात मात्र त्याने विचारलं, "बाई, तुम्ही कागदावर लिहिलेलं काय? मला कोणी दाखवलंच नाय."

माझ्याकडे नक्कल नाही, पण शब्द पाठ आहेत. त्याला फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

"स्वार क्रमांक सत्तेचाळीस याने शर्यत सोडलेली नाही. तो माझ्या मागे होता आणि हे मला माहीत नव्हतं, कारण मी मोजलं नाही. माझ्या गाडीमागे रस्ता खुला झाल्याने त्याला अपघात झाला. त्यानंतर त्याने सायकलसह अंतिम रेषा ओलांडली, ती मी स्वतः पाहिली. वेळ, पहिल्यानंतर सोळा मिनिटं वीस सेकंद. मर्यादेच्या आत. स्थान, शेवटचं."